तीन तुकड्यांचं विमान: चालायला लागलेल्या बाळासाठी लाकडी खेळणं घरी करताना

जून २०२५ पासून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडू लागलं आणि सोलापुरातल्या गच्च्यांवर बाळाला कडेवर घेऊन आभाळाकडे बोट दाखवणारी माणसं दिसू लागली. हे विमान एटीआर ७२ जातीचं, दोन पंख्यांचं. त्याचा मोठा पंख धडाच्या खालून न जाता पाठीवरून आडवा गेलेला असतो. लाकडी खेळणं करणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची आहे. पंख म्हणजे एक सलग फळी, धडाच्या पाठीवर एक खाच, आणि खाचेत फळी घट्ट बसली की अर्धं विमान तयार.

हा लेख ज्यांनी आजवर खिळा ठोकण्यापलीकडे सुतारकाम केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. एक ते तीन वर्षांच्या बाळाला देता येईल असं विमान दोन-तीन रविवारांत होतं. बाळ या वयात विमान उडवत नाही. ते चावतं, आपटतं, हातात धरून पळतं आणि त्याच्यावरच पडतं. खाली जे काही सांगितलंय ते या चार गोष्टी धरून. विमान हुबेहूब दिसावं असा आग्रह असेल तर ते शोकेससाठी वेगळं करा.

गिळण्याचा प्रश्न आधी

तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. तिचा तळ तिरका असतो, म्हणजे एका बाजूला खोली २५.४ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. खेळण्याचा कुठलाही सुटा किंवा सुटू शकणारा भाग न दाबता, कसाही फिरवून, या नळीत पूर्ण मावला तर तो भाग बाळाच्या घशात अडकू शकतो असं मानतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते या नळीत आरामात मावतं.

नळी घरीच करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, ११ सेंटिमीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर रुंद कापा आणि एक सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटवा. घेर १० सेंटिमीटर झाला की व्यास बरोबर ३२ मिलिमीटरच्या आसपास येतो. तिरका तळ करायची गरज नाही. सरळ नळी जरा जास्त कडक परीक्षा घेते, आणि ती घ्यावीच. ही नळी काम संपेपर्यंत टेबलावर राहू द्या.

नळीचा हा हिशेब एकदा डोक्यात बसला की विमानाचा आराखडा आपोआप ठरतो. फिरणारा पंखा नको, कारण तो बारीक असतो आणि त्याची मधली खीळ आधी सुटते. पंखाखाली चिकटवलेली छोटी इंजिनं नकोत. वैमानिकाचं डोकं म्हणून लाकडी मणी नको. खिळे, स्क्रू, लोहचुंबक आणि बटण सेल यांतलं काहीही नको. गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना खेचतात आणि मधला भाग जखमी करतात, तर बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत ती जाळतो. ओढायची दोरीही सोडून द्या. बाळाच्या गळ्याभोवती दोरी जायला क्षण पुरतो.

मग उरतं काय? धड, मोठा पंख, शेपटीचा आडवा पंख. तीन तुकडे. शेपटीचा उभा पंख वेगळा जोडायचा नाही, तो धडाच्याच लाकडात ठेवायचा.

लाकूड

यावर जरा थांबू, कारण बहुतेक जण इथे घाई करतात आणि घरात पडलेल्या तुकड्यावरच काम भागवतात.

सोलापूरकराच्या हाताशी सगळ्यात आधी येईल तो जुना धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. बंद पडलेल्या मागाचं सामान अनेक घरांच्या माळ्यावर असतं, आणि धोट्याचा आकार इतका विमानाच्या धडासारखा की हात शिवशिवतातच. पण त्याच्या दोन्ही टोकांना अणकुचीदार लोखंड असतं, लाकूड दगडासारखं जड, आणि वर्षानुवर्षांचं मशीनचं तेल त्यात मुरलेलं. टोकं काढली तरी तेल निघत नाही. धोटा भिंतीवर शोभतो, तिथेच राहू द्या.

पाडलेल्या वाड्याच्या दारं-खिडक्यांचं लाकूडही तसंच. लाकूड उत्तम असतं, अडचण रंगाची आहे. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. रंधा मारून रंग काढू म्हटलं तर ते शिसं धूळ होऊन घरभर पसरतं. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला शिसं बाधक असतं आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. त्यामुळे रंगवलेलं जुनं लाकूड बाद.

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) कापायला सोपे. पण प्लायच्या कडेला बारीक कुसळं कायम निघत राहतात आणि एमडीएफ बाळाच्या लाळेने फुगतं. दोन्हींत बहुधा फॉर्मल्डिहाइडवर बनलेला गोंद असतो. चावण्याच्या खेळण्याला दोन्ही नकोत.

घ्यायचं काय? शिवण मिळाली तर डोळे झाकून घ्या. हलकी, सरळ रेषेची, पटाशीला (लाकूड तासायच्या छिन्नीला) मऊ आणि हवामान बदललं तरी फारशी न वाकणारी. ती न मिळाल्यास पाइन, जो आज जवळपास प्रत्येक वखारीत असतो. मात्र गाठ नसलेला तुकडा निवडा, कारण गाठीतून चीक येतो आणि गाठ सुटून पडू शकते. फर्निचरवाल्यांकडचं रबरवूड चालतं. आंब्याची फळी नीट वाळलेली आणि किडीची भोकं नसलेली असेल तर तीही चालेल.

सागवान बहुतेकांना खानदानी वाटतं, पण त्याच्या भुश्श्याने काहींच्या कातडीला खाज सुटते आणि पुरळ येतं. शिसवाचंही तेच. पहिल्या खेळण्याला दोन्ही टाळा. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला ठीक. तिचं विमान बाळाच्या पायावर पडलं तर घरभर रडारड होईल. कडुलिंब आपल्याकडे भरपूर, पण त्याची रेषा आडवी-तिडवी जाते आणि नवख्याची पटाशी त्यात सारखी उकलते.

मशीन आलेल्या खोक्यांचं पाइन फुकट मिळतं. त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि शेजारी इंग्रजी अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं, ते घेऊ नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तरी नको.

वखारीत किंवा मिस्त्रीकडे माप मिलिमीटरमध्ये सांगितलंत तर समोरचा मनातल्या मनात इंच आणि सूत करणारच. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. म्हणून सरळ त्याच भाषेत बोला: “मिस्त्री, शिवणीचा नाहीतर पाइनचा तुकडा द्या, गाठ नको. एक सात इंच बाय अडीच, दीड इंच जाड. आणि पाच सुती फळी सव्वादोन इंच रुंद, आठ इंच लांब. रेषा लांबीत पाहिजे.” आणखी एक चार सुती पट्टी लागेल, पावणेदोन इंच रुंद आणि चार इंच लांब. एवढे तुकडे बहुतेक मिस्त्री उरलेल्या मालातून देतात. रंधा मारून चारही बाजू काटकोनात करून घ्या; तुमचा पहिला रविवार वाचतो.

लाकूड आणल्यावर दोन-तीन आठवडे घरात, उन्हापासून दूर ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओलसर लाकूड डोळ्यांदेखत तडकतं. कपाटावर आडवं ठेवलेलं लाकूड हळूहळू घरच्या हवेला सरावतं.

रेषा कुठल्या दिशेला

लाकडाच्या रेषा म्हणजे झाडाचे उभे तंतू. तंतूंच्या दिशेने लाकूड सहज उकलतं, आडवं मोडायला मात्र जोर लागतो. म्हणून मोठ्या पंखाच्या रेषा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या पाहिजेत. त्या नाकाकडून शेपटीकडे गेल्या तर पंख पहिल्याच आपटण्यात धडाच्या कडेला तुटेल आणि तुटलेली कड सुरीसारखी धारदार असेल. शेपटीच्या आडव्या पंखालाही हाच नियम. धडाच्या रेषा लांबीत.

उभा पंख धडाच्याच लाकडातला असल्याने त्याच्या रेषा आडव्या येतात, म्हणजे तो तत्त्वतः कमजोर. यावर उपाय आकारातच आहे: उंची एक इंचच ठेवायची, बुडाशी लांबी दोन इंच आणि जाडी वरच्या टोकालाही सहा-सात सूत. असा ठेंगणा पंख मोडत नाही. शिवाय बाळ तोल जाऊन विमानावर पडलं तर डोळ्यापाशी किंवा हिरडीत घुसेल असं टोक राहत नाही. उंच, निमुळती शेपटी दिसायला छान. पण सगळ्या विमानात धोक्याचा भाग तोच.

हत्यारं

बारीक दाताची हातकरवत, अर्धा इंची पटाशी, हातोडी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), अर्धगोल कानस, ८ मिलिमीटरच्या बिटासह ड्रिल, दोन शिकंजे (लाकूड आवळून धरणारे क्लॅम्प) आणि ८०, १२०, २२० व ३२० नंबरचे पॉलिशपेपर. जिगसॉ, म्हणजे विजेवरची बारीक पात्याची करवत, असेल तर वक्र कापणं सोपं जाईल. नसेल तर मिस्त्रीला पेन्सिलीची रेघ दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काम गच्चीत किंवा अंगणात करा आणि बाळाला त्या वेळी दुसऱ्या कोणाकडे द्या. लाकडाचा बारीक भुस्सा हवेत तरंगत राहतो.

खाचा आधी, गोलाई नंतर

नवशिक्याला धड लगेच गोल करायचा मोह होतो. तो आवरा. लाकूड चौकोनी असेपर्यंतच गुण्या लागतो, शिकंजा नीट बसतो आणि खाच सरळ येते.

सात इंची ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलीने विमान काढा. नाकाकडून धडाची उंची दीड इंच, ती मागपर्यंत सरळ न्या आणि शेवटच्या दोन इंचांत वर इंचभर उभा पंख चढवा. चढ तिरका आणि सावकाश हवा. पोट सपाटच राहू द्या. मग नाकापासून चढाच्या पायथ्यापर्यंत पाठीवरचं जास्तीचं लाकूड तेवढं सरळ कापून काढा, कारण खाच या सपाट पाठीवर घ्यायची आहे.

नाकापासून दोन इंच सोडून पाठीवर पंखाची खाच येईल. पंखाची फळी तिथे उभी धरून दोन्ही कडांना टोकदार पेन्सिलीने खुणा करा. माप पट्टीने घेण्यापेक्षा फळीवरूनच घेतलेलं बरं, कारण वखारीतली सव्वादोन इंच फळी क्वचितच नेमकी सव्वादोन असते. खोली तीन सूत. रेघांच्या आतल्या बाजूने करवतीने तीन सूत खोल काप घ्या, मध्ये आणखी चार-पाच काप घ्या आणि मधल्या पाकळ्या पटाशीने उडवा. पटाशी दोन्ही बाजूंनी मध्याकडे मारा. एकाच बाजूने आरपार मारली तर पलीकडची कड फुटते. पंख हाताने दाबून बसला पाहिजे आणि विमान उलटं केलं तरी पडता कामा नये. ढिला झाला तर गोंदाने भरून काढायचा विचारही करू नका, नवी फळी घ्या.

पोटाच्या बाजूने, अगदी मागे, आडव्या शेपटीची खाच याच पद्धतीने काढा. ती चार सूत खोल, म्हणजे पट्टी पोटाशी सपाट बसेल. खाचेचं मागचं तोंड धडाच्या शेवटापासून दोन-तीन सूत आत ठेवा.

दोन्ही खाचा जमल्या की मग जिगसॉने बाजूचा उरलेला आकार कापा.

लपलेल्या खुंट्या

नुसता गोंद पुरत नाही. गोंदासोबत लाकडी खुंट्या हव्यात, आणि त्या बाहेरून दिसू नयेत. आरपार खुंटी सोपी असते, पण आठ मिलिमीटरची छोटी खुंटी बाहेर निसटली तर ती कागदाच्या नळीत सहज मावते. आत दडलेली खुंटी पंख निघाल्याशिवाय निघू शकत नाही.

भोकं समोरासमोर यायला एक जुनी युक्ती आहे. खाचेच्या तळाशी, मध्यरेषेवर, पुढच्या आणि मागच्या कडेपासून पाच-पाच सूत सोडून दोन बारीक खिळे अर्धे ठोका आणि पकडीने त्यांची डोकी कापा. पंख खाचेत दाबला की कापलेल्या टोकांच्या खुणा पंखाच्या पोटावर उमटतात. खिळे पकडीने उपटा, दोन्ही मोजून कचऱ्यात टाका, आणि खुणांवर भोकं पाडा. धडात १५ मिलिमीटर खोल, पंखात १०. बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर बिट पंखाच्या वरून बाहेर डोकावेल. खुंटीची लांबी दोन्ही खोल्यांच्या बेरजेपेक्षा दोन मिलिमीटर कमी ठेवा म्हणजे गोंदाला जागा राहते. शेपटीच्या पट्टीत सात मिलिमीटरहून खोल जाऊ नका, ती पातळ आहे.

अजून चिकटवू नका.

गोलाई

सुटे तुकडे हातात फिरवता येतात, म्हणून घडवणं आत्ता उरकायचं. जोडाचे पृष्ठभाग तेवढे सोडा.

पंखाच्या चारही कोपऱ्यांवर दहा रुपयांचं नाणं ठेवून पेन्सिल फिरवा आणि तेवढा कोपरा काढून टाका. सगळ्या कडांना कानशीने निदान दोन सूत गोलाई द्या. नाक बोथट हवं. धडाच्या मागच्या अर्ध्या भागाची रुंदी दोन्ही बाजूंनी कमी करत नऊ सुतांपर्यंत आणा, कारण बाळ विमान तिथेच पकडतं आणि त्याच्या मुठीत तेवढंच मावतं. शेपटीच्या पट्टीचे कोपरेही नाण्याने.

मग पॉलिशपेपर. ८० नंबरने आकार, १२० ने कानशीचे ओरखडे, २२० ने गुळगुळीत. नंबर गाळू नका. ८० वरून थेट २२० वर गेलात तर हात दुखतील आणि ओरखडे तसेच राहतील. घासायचं नेहमी रेषांच्या दिशेने.

बाजारातल्या चांगल्या दिसणाऱ्या खेळण्यांतही जे अनेकदा राहून जातं ते आता करा. ओल्या फडक्याने लाकूड सगळीकडून पुसा आणि वाळू द्या. दाबले गेलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात आणि गुळगुळीत झालेलं लाकूड पुन्हा खरखरीत लागतं. ३२० नंबरने हलक्या हाताने घासा, पुन्हा ओलं करा, पुन्हा घासा. तिसऱ्यांदा लाकूड उठत नाही. हे तुम्ही केलं नाहीत तर बाळाची लाळ करेल, आणि उठलेले तंतू त्याच्या ओठांत जातील.

गुळगुळीतपणाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. फासे असलेला टॉवेल, जो सोलापुरात कुठल्याही घरी सापडेल, तो विमानाच्या प्रत्येक कडेवरून सगळ्या दिशांनी हलकेच ओढा. जिथे फासा अडकला तिथे कूस आहे. पेन्सिलीने खूण करा आणि पुन्हा घासा.

जोडणी

पाण्याला टिकणारा पांढरा गोंद घ्या, दुकानात मरीन म्हणून मिळतो. साधा पांढरा गोंद रोजच्या लाळेने आणि पुसण्याने हळूहळू मऊ पडू शकतो. झटपट चिकटवणारा पातळ गोंद इथे कामाचा नाही, कारण तो ठिसूळ असतो आणि आपटल्यावर सुटतो. भोकात, खुंटीवर आणि खाचेत पातळ थर द्या, पंख बसवा, शिकंज्याखाली जुन्या चादरीची घडी घालून आवळा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. चोवीस तास हात लावू नका. शिकंजा नसेल तर वरवंटा ठेवा, वजन पुरतं.

रंग नको, तेल पुरे

लाकडाचा स्वतःचा रंग पुरेसा सुंदर असतो, असं माझं मत. हळद आणि बीट ऐकायला नैसर्गिक वाटतात, पण हळद उन्हात उडते आणि दोन्ही लाळेत उतरतात. खाण्याचे रंगही तसेच वाहतात. घरातला उरलेला ऑइल पेंटचा डबा तर उघडूच नका.

काहीच न लावलेलं लाकूडही चालतं, फक्त लवकर मळतं. तेल लावायचं असेल तर घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल घ्या. ते हवेतल्या प्राणवायूने हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात मुरून बसतं. करडईचं घाण्याचं तेलही असं वाळतं, पण जास्त वेळ घेतं. लाकूड त्याने कमी पिवळं पडतं. रंगाच्या दुकानात ‘उकळलेलं’ म्हणून जे जवस तेल मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. ते खेळण्याला नको. शेंगदाण्याचं तेलही टाळा: ते वाळत नाही, खवट होतं आणि काही मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. बदाम आणि अक्रोडाच्या तेलाला अ‍ॅलर्जीचं तेच कारण लागू.

फडक्याने पातळ थर चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं तेल पूर्ण पुसून काढा, दोन दिवसांनी पुन्हा. दोन-तीन थर बास. मग हवेशीर जागी तीन-चार आठवडे वाळू द्या. हात लावून चिकट लागतंय तोवर बाळाला द्यायचं नाही. शेवटी हवं तर एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग तेच तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, थंड झाल्यावर चोळा आणि कोरड्या फडक्याने चकाकी आणा.

एक इशारा इथे अगदी गंभीरपणे. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून ठेवलं तर तेल वाळताना तयार होणारी उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. फडकं दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

चाकं?

दीड वर्षाच्या आतल्या बाळाला चाकांची गरज नाही. नंतर हवीच असतील तर दोन इंच व्यासाची, पाच सूत जाडीची दोनच चाकं करा, पुढे नाक आणि पंखाच्या मधे. होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) ती सहज निघतात. पोटापासून १२ मिलिमीटर वर, नाकापासून इंचभर मागे, धडात ११ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. त्यातून १० मिलिमीटरचा लाकडी आस जाईल आणि दोन्ही चाकं आसाला चिकटतील. आस फिरतो, चाक आसावर फिरत नाही. त्यामुळे झिजून ढिलं होणारं काहीच राहत नाही. धड दीड इंच, दोन चाकं आणि दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर फट धरली तर आस साधारण ७४ मिलिमीटर लांब येतो. तो सुटला तरी प्रमाणित नळीत पूर्ण मावत नाही, चाकही मावत नाही. चाक आणि धडातली फट पाच मिलिमीटरहून कमीच ठेवा. पाच ते बारा मिलिमीटरच्या फटीत चिमुकली बोटं शिरतात आणि अडकतात. पावसाळ्यात आस फुगून जाम झाला तर घाबरू नका, दिवाळीपर्यंत मोकळा होतो.

बाळाआधी फरशीला द्या

दीड वर्षापर्यंतच्या बाळाच्या खेळण्याची प्रमाणित परीक्षा अशी: साधारण १३८ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा खाली टाकायचं. दीड ते तीन वर्षांसाठी ९३ सेंटिमीटरवरून चार वेळा. प्रयोगशाळेतली फरशी ठरलेली असते. घरी शहाबादी फरशीवर टाका, ती कुणाची गय करत नाही. दर वेळी वेगळ्या बाजूने पडू द्या: नाक, पंखाचं टोक, शेपटी. त्यानंतर पंखाला मऊ दोरी बांधून सामान मोजायचा ताणकाटा अडकवा आणि सात किलोचा काटा दिसेपर्यंत दहा सेकंद ओढा. शेपटीलाही तेच.

मग दहा मिनिटं पाण्यात ठेवा, पुसा, दिवसभर वाळवा, आणि पुन्हा एकदा टॉवेलची परीक्षा. जोड कुरकुरला, केसाएवढी फट दिसली, टवका उडाला, तर ते विमान बाळासाठी नापास. खुंटीचा जोड नीट झाला असेल तर असं सहसा होत नाही.

वापरात आल्यावर

मळलं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. बादलीत भिजत घालू नका, गरम पाण्यात उकळू नका, आणि मे महिन्यात गच्चीवर विसरू नका. महिन्यातून एकदा टॉवेल फिरवा आणि पंख हाताने हलवून बघा. दातांचे खड्डे पडतील, ते चालतात. तिथे कूस उठली असेल तर ३२० नंबरने घासून तेलाचं बोट फिरवा. पंख तडकला तर मात्र गोंद लावून पुन्हा देऊ नका. दुसऱ्या बाळाकडे विमान जाणार असेल तर फरशीची आणि ताणकाट्याची परीक्षा पुन्हा घ्या.

चार जणांनी कौतुक केलं की ‘विकायला करा’ असंही कोणीतरी म्हणेलच. स्वतःच्या घरच्या बाळाला करून देणं वेगळं आणि विक्री वेगळी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आयएस ९८७३ या मानकाच्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. त्यामुळे पहिली ऑर्डर घेण्याआधी या नोंदणीची चौकशी करा.